मृगाचा पाऊस आणि बेडकाचे वाहन

फलज्योतिषाच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतो, पालकसभेत ऐकू येतो आणि क्वचित विज्ञान शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येतो. तो साधारण असा : सूर्यामुळे ऋतू होतात, चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मृग नक्षत्र लागले की पाऊस येतो. म्हणजे आकाशातल्या घडामोडींचा पृथ्वीवर परिणाम होतो हे विज्ञानही मान्य करते. माणूसही पृथ्वीवरचाच. मग ग्रहांचा त्याच्यावर परिणाम होतो असे म्हटले तर बिघडले कोठे?

हा युक्तिवाद नवा नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे टॉलेमीने आपल्या 'टेट्राबिब्लॉस' या फलज्योतिषावरील ग्रंथाच्या आरंभी जवळजवळ हाच मांडला आहे. सूर्य ऋतू घडवतो, चंद्राबरोबर समुद्र चढतो-उतरतो, शेतकरी आणि खलाशी आकाशाकडे पाहून हवेचा अंदाज करतात. मग ग्रहगती पूर्णपणे जाणणाऱ्याला माणसाच्या प्रकृतीचा आणि आयुष्याचा अंदाज का करता येऊ नये, असे तो विचारतो. टॉलेमी हा त्या काळचा अव्वल दर्जाचा खगोलशास्त्रज्ञ. अठराशेहून अधिक वर्षे टिकून राहिलेल्या त्याच्या युक्तिवादावर 'अंधश्रद्धा' हा एक शब्द फेकून मारला की काम झाले, असे आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. त्याने वर्गातला चौकस विद्यार्थी गप्प बसेल, पण त्याचे समाधान होणार नाही. शिवाय घरी आजोबांनी सांगितलेली पावसाची नक्षत्रे खरी ठरताना त्याने पाहिलेली असतात. सर म्हणतात ते खोटे, की आजोबा म्हणतात ते, असा पेच आपणच त्याच्यापुढे उभा करतो.

म्हणून हा युक्तिवाद नीट तपासायला हवा. त्यासाठी नाईल नदीपर्यंत जाण्याची गरज नाही. पावसाची नक्षत्रे हे उदाहरण पुरेसे आहे, आणि ते आपल्या दारातलेच आहे.

'मृग नक्षत्र लागले' याचा अर्थ काय? वर्षभरात सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर एक पूर्ण फेरी मारताना दिसतो. या मार्गाचे २७ समान भाग म्हणजे २७ नक्षत्रे. वर्षाचे ३६५ दिवस २७ ने भागले की साडेतेरा येतात. म्हणून सूर्य प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. तो मृगात शिरतो ७ किंवा ८ जूनला, आर्द्रात २१-२२ जूनला, पुनर्वसूत ५-६ जुलैला. पुढे पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा करीत ऑक्टोबरच्या अखेरीस स्वाती. ज्या नक्षत्रात सूर्य आहे ते आपल्याला दिसूच शकत नाही, ते दिवसा सूर्याबरोबर उगवते. तेव्हा मृग लागल्याने पाऊस पडतो या म्हणण्यात मृगाच्या ताऱ्यांचा काही हात नाही. 'मृग लागला' म्हणजे 'जूनचा पहिला आठवडा संपला', एवढाच त्याचा अर्थ.

एवढाच म्हटले तरी ही गोष्ट लहान नव्हे. चांद्रमास सोपा, चंद्र पाहून तिथी कुणालाही सांगता येते. पण बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, आणि ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तो मोडून काढायला अधिक महिना घातला, तरी ज्येष्ठ महिना एका वर्षी मेमध्ये तर दुसऱ्या वर्षी जूनच्या मध्याला सुरू होतो. केवळ महिन्यांवर विसंबणाऱ्या शेतकऱ्याची पेरणी फसेल. सूर्यनक्षत्रांना हा दोष नाही. ज्या घरात इंग्रजी दिनदर्शिका नव्हती त्या घरात सूर्यनक्षत्रे हीच सौर दिनदर्शिका होती. प्रत्येक भागाला त्या काळातल्या पावसाच्या स्वभावावरून नावे मिळाली : पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा', हस्ताचा 'हत्ती'. ही पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाची सरासरी आहे. हवामान खाते मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून सांगते. आजोबा 'मृगात' म्हणतात. दोघे एकच गोष्ट सांगत आहेत.

आता त्याच पंचांगातली दुसरी ओळ वाचू. मृग नक्षत्राच्या प्रवेशाबरोबर तेथे 'वाहन' दिलेले असते. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती अशी ही नऊ वाहने. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ, असे सांगतात. दर जूनला वर्तमानपत्रांत या वाहनांच्या बातम्या येतात आणि पेरणी करायची की थांबायचे याचा विचार त्या वाचून करणारे शेतकरी आजही आहेत. पहिली ओळ आणि ही ओळ एकाच पानावर, एकाच टाइपात छापलेल्या. वाचणाऱ्याने दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवला तर त्याला दोष कसा द्यायचा?

वाहन काढतात कसे ते पाहू. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे. येईल त्या संख्येला ९ ने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीन उरले तर बेडूक, असे करीत बाकी शून्य म्हणजे हत्ती. एवढेच. या कृतीत वारा नाही, ढग नाही, समुद्राचे तापमान नाही, मागच्या वर्षीचा पाऊसही नाही.

वरवर गूढ वाटणाऱ्या या कृतीचा अर्थ वरच्या वर्गातल्या मुलांकडून काढून घेण्याजोगा आहे. सूर्यापासून चंद्रापर्यंतचे अंतर म्हणजे काय? चंद्राची कला. अंतर शून्य असेल तेव्हा अमावास्या, अर्धे वर्तुळ असेल तेव्हा पौर्णिमा. म्हणजे वाहन ठरते ते केवळ त्या क्षणीच्या चंद्रकलेवरून. नऊने भागल्यामुळे २७ नक्षत्रांचे तीन सारखे तुकडे पडतात, १२० अंशांचे, म्हणजेच प्रत्येकी दहा तिथींचे. त्यामुळे शुद्ध प्रतिपदेला जे वाहन, तेच शुद्ध एकादशीला आणि तेच वद्य षष्ठीला! बेडकाचा आणि हत्तीचा मुखवटा काढला की उरणारे विधान असे : 'सूर्य नक्षत्र बदलतो त्या दिवशी चंद्राची कला कोणती आहे, यावरून पुढच्या तेरा दिवसांचा पाऊस ठरतो; आणि प्रतिपदा, एकादशी व षष्ठी यांचा पाऊस सारखा असतो.' असे उघडपणे म्हटले तर पेरणीचा निर्णय त्यावर कोण सोपवील?

आणखी एक गंमत आहे. साडेतेरा दिवसांत चंद्र सुमारे साडेतेरा नक्षत्रे पुढे जातो आणि सूर्य एक. दोघांमधले अंतर बारा-तेरा नक्षत्रांनी वाढते. बारातेरातून नऊ गेले की उरतात तीन किंवा चार. म्हणून एका नक्षत्राचे वाहन ठाऊक असेल तर पुढच्याचे वाहन यादीत सहसा तीन किंवा चार घरे पुढचे असते. कोल्ह्यानंतर मोर किंवा उंदीर, मोरानंतर गाढव किंवा हत्ती. मोसमी पाऊस इतक्या शिस्तीने वागला असता तर हवामान खात्याची गरजच उरली नसती. शिवाय वाहन सगळ्या महाराष्ट्राला एकच. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सोलापूरला सातशे-साडेसातशे. एकाच पंधरवड्यात कोकणात पूर आणि माणदेशात टँकर हे दृश्य आपण पाहतो. वाहन मात्र दोन्हीकडे तेच.

अनुभवातून आलेले ज्ञान आणि आकडेमोडीतून काढलेले भाकीत यांत आणखीही एक फरक आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतात. परिणामी ताऱ्यांना बांधलेली निरयन तारीख ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, सूर्य मृगात शिरत असे तो आजच्या हिशेबाने १७ मेच्या सुमारास. मोसमी पावसाचा ऋतू तेव्हाही साधारण आजच्यासारखाच होता असे धरले, तर 'मृगात पाऊस' हे नाते तेव्हाचे असूच शकत नाही. ते नंतरच्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहून जुळवून घेतले असणार, आणि आणखी हजार वर्षांनी पुन्हा बदलावे लागेल. शेतकरी आकाश आणि जमीन दोन्ही पाहत होता, म्हणून त्याचे कोष्टक दुरुस्त होत गेले. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात हाच सरकलेल्या ऋतूंचा प्रश्न मांडला आणि २२ मार्च १९५७ पासून भारताने संपाताला बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. ती आकाशवाणीवर ऐकू आली, सरकारी पत्रांवर छापली गेली, घरात मात्र शिरली नाही. असो.

मुद्दा असा की कालगणना आणि फलज्योतिष एका घरात वाढले, पण ती एकच गोष्ट नव्हे. त्यांचा संसार एकत्र कसा आला हे इतिहासात स्पष्ट दिसते. आपल्याकडचे सर्वांत जुने ज्योतिषविषयक पुस्तक म्हणजे लगधाच्या नावाने ओळखले जाणारे वेदांगज्योतिष. यज्ञ कधी करायचा ते ठरवणे हे त्याचे काम. पाच वर्षांचे युग, त्यात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास, असा त्याचा ढोबळ पण प्रामाणिक हिशेब आहे. त्यात तिथी आहेत, नक्षत्रे आहेत. राशी नाहीत, वार नाहीत आणि कुणाची जन्मकुंडलीही नाही.

कुंडलीचा उगम शोधायला बाबिलोनला जावे लागते. तेथील पुरोहित शतकानुशतके ग्रहणे, शुक्राचे उदयास्त यांच्या नोंदी मातीच्या विटांवर करीत होते. 'अमुक दिसले तर राजाला तमुक होईल' अशा शकुनांची त्यांची संहिता सत्तर-एक विटांची आहे. हे शकुन होते राजाचे आणि राज्याचे. सामान्य माणसासाठी आकाशाला सवड नव्हती. या नोंदींतूनच पुढे ग्रहणांचे २२३ चांद्रमासांचे चक्र हाती आले. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात सूर्यमार्गाचे बारा समान राशींत भाग पाडले गेले, आणि आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जन्मकालीन ग्रहांची नोंद इसवी सनापूर्वी ४१० सालची आहे. आमच्या मते खरा तिढा येथेच आहे. ग्रहण गणिताने आधी सांगता येऊ लागले, तेव्हा ते देवाचा संकेत नव्हे हे उमगायला हवे होते. झाले उलटे. गणित अचूक म्हणून शकुनही अचूक, असे लोक समजू लागले. गणिताची पत शकुनाने वापरली, आणि ती उधारी आजतागायत चालू आहे.

पुढे ग्रीकांनी या सामग्रीवर कुंडलीचे तंत्र उभारले आणि ते व्यापारमार्गांनी भारतात आले. केंद्र, होरा, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण हे आपल्या जातकग्रंथांतले शब्द मूळ ग्रीक आहेत. वराहमिहिराने 'बृहज्जातका'त राशींची क्रिय, ताबुरि, जितुम अशी ग्रीक वळणाची नावेही दिली आहेत. परक्याकडून आलेले म्हणून ते वाईट, असे मुळीच नाही. शून्य आपल्याकडून जगाकडे गेले, तसेच हे. पण 'ऋषिमुनींनी ध्यानात पाहिलेले सनातन शास्त्र' हा दावा त्यामुळे टिकत नाही.

वार हे याच मिश्रणाचे मूल. दिवस, महिना आणि वर्ष यांना निसर्गात आधार आहे. सात दिवसांनी आकाशात काहीही पुन्हा घडत नाही. मग रविवारनंतर सोमवारच का? पृथ्वी मध्यभागी धरून ग्रह मंद ते शीघ्र असे मांडा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ तासांना, म्हणजे होऱ्यांना, याच क्रमाने एकेक अधिपती द्या. पहिला होरा शनीचा असेल तर तो शनिवार. २४ मधून सातांचे तीन फेरे गेले की तीन उरतात, म्हणून पंचविसावा होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, यादीतल्या चौथ्याचा येतो : रवीचा. रवीपासून चौथा चंद्र, चंद्रापासून चौथा मंगळ. आठवडा तयार! भारतात वाराचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख एरण येथील इसवी सन ४८४ च्या स्तंभलेखात आढळतो, तो गुरुवारचा आहे. शनिवारी तेल आणू नये म्हणणाऱ्या घरात हा हिशेब मुलांनी जरूर करून दाखवावा. शनिवारचा शनीशी असलेला संबंध इतकाच आहे, आणि तोही सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे मानले तरच.

उरला भरतीचा मुद्दा. 'शरीरात सत्तर टक्के पाणी असते' हे वाक्य या संदर्भात फार ऐकू येते. भरती पाण्यामुळे येत नाही, आकारामुळे येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवरचे आणि पलीकडच्या बाजूवरचे ओढणे यांत जो फरक पडतो त्यातून भरती होते, आणि तो जाणवायला पृथ्वीएवढा व्यास लागतो. घागरीतल्या पाण्याला भरती आलेली कुणी पाहिलेली नाही. हा ताण वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो व अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. गुरू ग्रह सर्वांत जवळ असतानाही त्याचा ताण चंद्राच्या ताणाच्या एक लाखाव्या भागाइतकाही नसतो. आणि बाळंतपणाच्या वेळी अर्ध्या मीटरवर उभी असलेली साठ किलो वजनाची परिचारिका बाळावर चंद्राच्या तीन लाख पटींहून अधिक ताण निर्माण करते. कुंडलीत तिची नोंद कोठेच नसते! राहू-केतूंना तर वस्तुमानच नाही. चंद्राचा मार्ग सूर्यमार्गाला जेथे छेदतो ते हे बिंदू. ग्रहणगणितात ते अत्यावश्यक आहेत. पण छेदनबिंदू कुणाचे लग्न मोडू शकत नाही.

लग्नाचा उल्लेख सहज आलेला नाही. कुंडलीत मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ या स्थानी असला की मुलीला मंगळ आहे असे म्हणतात. बारातली पाच घरे. म्हणजे स्थूलमानाने शंभरातल्या चाळीसहून अधिक मुली मंगळी ठरणार. शिकत असलेली, चांगले गुण मिळवणारी मुलगी या एका शब्दाने घरात खालच्या मानेने वावरू लागते, हे पाहिले नाही असा शिक्षक विरळा. साडेसातीचेही तसेच. शनी साडेएकोणतीस वर्षांत फेरी पूर्ण करतो, एका राशीत अडीच वर्षे राहतो, आणि तीन राशींची मिळून साडेसाती. बारांपैकी तीन राशी कायम साडेसातीत, म्हणजे देशातला दर चौथा माणूस कोणत्याही क्षणी साडेसातीत असतो. दहावीला नापास झालेल्या शंभर मुलांत पंचवीस जणांना साडेसाती सापडणारच. पहिल्या आलेल्या शंभरांतही पंचवीस जणांना सापडेल, फक्त तेथे कुणी शोधत नाही.

तपासणी व्हायला हवी असे म्हणणाऱ्यांनी ती केलीही आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती कोणत्या गटातली ते विचारले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून ५० टक्के येतात. २००९ साली हे निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले.

अशी तपासणी शाळेतही होऊ शकते, आणि त्यासाठी कुंडल्यांची गरज नाही. साधा पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजावा. ७ जूनपूर्वी मुलांनी त्या वर्षीच्या अकरा नक्षत्रांची वाहने स्वतः भागाकार करून काढावीत, पंचांगाशी ताडून पाहावीत आणि वर्गाच्या भिंतीवर लावावीत. भाकीत आधी लिहिलेले असावे, पाऊस पडून गेल्यावर नव्हे. तालुक्याच्या आणि महसूल मंडळाच्या मागील वर्षांच्या नोंदी व जुनी पंचांगे मिळाली तर दहा वर्षांत ११० नक्षत्रे हाती येतील. एक खबरदारी मात्र घ्यावी. मृगाच्या बेडकाची तुलना पुनर्वसूच्या कोल्ह्याशी करू नये, कारण पुनर्वसूत पाऊस बहुधा जास्तच असतो, वाहन कोणतेही असो. पुनर्वसूची तुलना इतर वर्षांच्या पुनर्वसूशीच करावी. प्रत्येक नक्षत्राची दहा वर्षांची सरासरी काढून, तिच्यापेक्षा पाऊस जास्त की कमी एवढीच खूण वाहनापुढे करावी, आणि मग बेडकापुढच्या खुणा मोजाव्यात.